कुत्र्याला गोचीड-पिसवांचं औषध देताना आधी वजन बघा, मग बाकीचं

कुत्र्याच्या कानामागे टम्म फुगलेला गोचीड हाताला लागला की पुढचं काही सुचत नाही, अंगावर काटा येतो आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी लावून हे सगळं मारून टाकू असं होतं. साहजिक आहे. पण या औषधांनी कुत्र्यांना जो त्रास होतो ना, तो बहुतेक वेळा औषध वाईट म्हणून नाही होत, घाईघाईत चुकीच्या वजनाचं दिलं, भलत्याच प्राण्याचं दिलं, नाहीतर आधीच्या औषधावर अजून एक चढवलं म्हणून होतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जरा लांब होईल पण औषधाचं पाकीट फोडायच्या आधी वाचाच.

तर सगळ्यात आधी वजन. अंदाजपंचे नाही, खरं वजन. आमच्या ढब्बूचं वजन मी कायम "असेल अठरा-एकोणीस किलो" असं धरून चालायचे आणि त्या हिशोबाने 10 ते 20 किलोवालं औषध आणायचे, एकदा नीट केलं तर निघालं 21.4. म्हणजे दोन महिने मी त्याला खालच्या गटाचे ड्रॉप्स (छोट्या नळीतून कातडीवर लावायचं औषध) लावत होते आणि गोचीड जात का नाहीत म्हणून औषधालाच नावं ठेवत होते. उलटं पण होतं, बारक्या कुत्र्याला मोठ्याचं औषध लागतं, आणि ते जास्त वाईट.

घरी वजन करायला वेगळा काटा लागत नाही. आपला साधा वजनकाटा फरशीवर ठेवायचा (गादी, सतरंजी, पायपुसणं यावर नाही, आकडा चुकतो), आधी एकटं उभं राहायचं, आकडा लिहून ठेवायचा, मग कुत्र्याला उचलून उभं राहायचं आणि वजा करायचं. तो वळवळतो म्हणून हे दोनदा करा. खूपच मोठा असेल आणि उचलवत नसेल तर व्हेटकडच्या काट्यावर नुसतं वजन करून आणा. पिल्लू वाढत असेल तर दर डोसच्या आधी वजन करायचं, कारण गेल्या महिन्याचा गट या महिन्यात चालेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, हे वजनाचे गट प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एकाचा गट 10 ते 20 चा तर दुसऱ्याचा 10 ते 25 चा, त्यामुळे ब्रँड बदलला की "आम्ही मधल्या साइझचं घेतो" हे चालत नाही, खोक्यावर किलो बघा. मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन छोट्यांना अर्धी अर्धी लावायची किंवा मोठी गोळी मोडून द्यायची ही युक्ती बरेच जण करतात पण नका करू. नळीतून अर्धं किती हे घरी मोजता येत नाही, आणि चघळायच्या गोळीत औषध दोन्ही तुकड्यांत सारखंच येईल याचा भरवसा नाही, अशा गोळ्यांच्या बऱ्याच माहितीपत्रकांत तुकडे करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता मांजर. ज्यांच्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांनी हा भाग दोनदा वाचा. कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकासोबत येतं बऱ्याचदा. कुत्र्याला ते चालतं. मांजराचं लिव्हर हे औषध तोडून शरीराबाहेर टाकायला फार कमी पडतं, त्यामुळे कुत्र्याची एक नळी मांजराला लावली तर काही तासांत ते थरथरायला लागतं, कान-चेहरा फडफडतो, मग आकडी येते आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. आणि मुद्दाम लावायलाच पाहिजे असंही नाही, मांजर कुत्र्याला चाटतं, त्याच्या अंगाला अंग लावून झोपतं, तेवढंही पुरतं. माझ्या एका मैत्रिणीच्या मांजरीचं असंच झालं, कुत्र्याला दुपारी ड्रॉप्स लावले आणि रात्री दोघं नेहमीसारखी एका गादीवर झोपली, पहाटे मांजरीचे पाय आखडलेले. दोन दिवस दवाखान्यात होती, वाचली, पण ती रात्र मैत्रीण अजून विसरली नाहीये. तेव्हापासून मी घरात मांजर असणाऱ्या प्रत्येकाला सांगते की एकतर परमेथ्रिन नसलेलं औषध निवडा, व्हेटला "घरात मांजर आहे" हे पहिलं वाक्य म्हणून सांगा, आणि लावायचंच असेल तर औषध नुसतं वाळेपर्यंत नाही तर निदान एक अख्खा दिवस, जमलं तर दोन-तीन दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

ससा पाळणाऱ्यांसाठी पण, फिप्रोनिल सशाला विषारी आहे. कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये हेच औषध असतं. कुत्र्याला लावताना उरलेले थेंब सशाला, असं अजिबात नको.

आणि गुरांचं औषध. अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन वगैरेच्या गुरांसाठीच्या बाटल्या खूप तीव्र असतात, पाण्यात पातळ करून वापरायच्या असतात आणि किती पाण्यात किती हे जनावरागणिक बदलतं. "झाकणभर टाका बादलीत" या मापाने कुत्र्याला आंघोळ घातली, मग त्याने अंग चाटलं, की झालं. अमिट्राझ असेल तर सुस्त पडतो, ठोके मंदावतात, अंग गार पडतं, उलट्या होतात. अमिट्राझ व्हेट खरजेसाठी स्वतः देतात कधीकधी, ते त्यांनी सांगितलेल्या मापाने आणि त्यांनी सांगितलं तरच. डायबेटिस असलेल्या कुत्र्याला अमिट्राझने साखर वाढते, अगदी लहान पिल्लांना आणि गाभण कुत्रीला ते देत नाहीत. आणि घरातलं कोणी डिप्रेशनची एमएओ इन्हिबिटर प्रकारची गोळी घेत असेल तर त्या माणसाने अमिट्राझ हाताळूच नये.

ड्रॉप्स म्हणजे स्पॉट-ऑन

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं लावलं जातं. औषध कातडीवर पडलं पाहिजे, केसांवर नाही. मी सुरुवातीला नळी नुसती मानेवर पिळायचे, वरचे केस चिकट व्हायचे, ओले दिसायचे आणि मला वाटायचं झालं काम. खरं तर अर्धं औषध केसांतच वाळून जायचं. आता काय करते सांगते. कुत्र्याला उभं करायचं, जेवणानंतरची वेळ बरी कारण तो शांत असतो. दोन खांद्यांच्या मधोमध, मानेच्या मुळाशी, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही तिथे दोन अंगठ्यांनी केसांचा भांग पाडायचा, जसा डोक्याला तेल लावताना पाडतो तसा, आतली गुलाबी-पांढरी कातडी दिसली पाहिजे. मग नळीचं तोंड कातडीला टेकवून हळूहळू पिळायचं. पिळलेली नळी तशीच दाबलेली ठेवून उचलायची, नाहीतर सोडल्यावर ती औषध परत आत ओढते. मोठ्या कुत्र्याला काही औषधं पाठीच्या कण्यावर तीन-चार जागी थोडं थोडं लावायची असतात म्हणजे एका जागेवरून ओघळून खाली येत नाही, ते माहितीपत्रकात चित्रासकट दिलेलं असतं.

चोळायचं नाही. ते आपोआप पसरतं, कारण फिप्रोनिलसारखं औषध कातडीच्या तेलातून पसरतं आणि तेलाच्या ग्रंथींमध्ये साठून राहतं, म्हणूनच ते महिनाभर पुरतं. आणि म्हणूनच आंघोळीचा नियम आहे. आदल्या दिवशी शाम्पूने घासून चकाचक केलेल्या कुत्र्याच्या अंगावर तेलच उरलेलं नसतं तर औषध पसरणार कशातून? आंघोळ आणि ड्रॉप्स यांच्यात दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अशी मोकळी जागा ठेवा. कातडी फुटलेली असेल, जखम असेल, खाजवून लाल झालेली असेल तर त्या जागी लावू नका.

हातमोजे घाला, नाही घातले तर लगेच साबणाने हात धुवा. वाळेपर्यंत पोरांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नका, आणि त्या रात्री तो पोरांच्या अंथरुणात नको. घरात दोन कुत्रे असतील आणि एकमेकांना चाटत असतील तर वाळेपर्यंत त्यांनाही वेगळं ठेवा. आणि घरात माशांची टाकी असेल तर औषध लागलेले हात त्या पाण्यात बुडवू नका, ही औषधं माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना फार घातक असतात. इंग्लंडमधल्या नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड सापडलंय आणि ते पाळीव प्राण्यांच्या अंगावरून येत असावं असं तिथल्या संशोधकांनी म्हटलंय, त्यामुळे ड्रॉप्स लावलेल्या कुत्र्याला लगेच नदी-तळ्यात सोडू नका, औषधही वाया आणि पाणीही खराब.

गोळी

चघळायच्या गोळ्या आता खूप जण देतात आणि मलाही सोयीच्या वाटतात, आंघोळीची भानगड नाही, मांजराला चाटायला काही अंगावर नाही. यात बहुतेक आयसॉक्साझोलिन गटातली औषधं असतात, अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर, लोटिलानेर. फ्लुरालानेरची गोळी साधारण 12 आठवडे चालते, बाकीच्या महिन्याच्या. दोन्ही खोकी शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि तीन महिन्यांची गोळी दर महिन्याला दिली असं होऊ शकतं, म्हणून मी खोक्यावर मार्करने पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

या गोळ्या रक्तातून काम करतात. म्हणजे गोचिडाने चावलं तरच तो मरणार. गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी अंगावर गोचीड दिसला म्हणून लगेच दुसरं औषध लावायला जाऊ नका, तो बहुतेक मरायला टेकलेला असतो, गोचीड मरायला एक-दोन दिवस लागतात, पिसवा त्याच्या आधी मरतात. फ्लुरालानेर आणि लोटिलानेर जेवणासोबत द्यायचं, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. गोळी दिल्यावर दोन तास लक्ष ठेवा, उलटीतून अख्खी बाहेर पडली तर परत देण्याआधी व्हेटला फोन करा.

आता महत्त्वाचं. 2018 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) या अख्ख्या गटाबद्दल सूचना काढली की काही कुत्र्या-मांजरांना यामुळे थरथर, झोकांड्या जाणं, आकडी येणं असं होऊ शकतं. बंदी घातली नाही, बहुसंख्य कुत्र्यांना ही औषधं सुरक्षितच आहेत असंही त्यांनी त्यातच म्हटलं. याचा अर्थ एवढाच की तुमच्या कुत्र्याला आधी कधी, अगदी लहानपणी एकदाच का होईना, आकडी आली असेल तर ते व्हेटला सांगितल्याशिवाय ही गोळी द्यायची नाही. दुकानातून परस्पर आणली की हा प्रश्न कोणी विचारतच नाही, हीच भीती आहे.

या गोळ्यांना मांसासारखा वास असतो. कुत्र्याला तो खाऊ वाटतो. उघड्या कपाटात, पिशवीत, टेबलावर ठेवाल तर तो खोकं फाडून तीन महिन्यांचा साठा एका बैठकीत खाईल. वरच्या बंद कपाटात ठेवा.

पट्टा

चांगल्या औषधी पट्ट्यात इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असतं आणि तो सात-आठ महिने चालतो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत, ना सैल ना घट्ट. सैल असला तर तो कातडीला टेकत नाही आणि काम करत नाही, शिवाय खालचा जबडा त्यात अडकू शकतो. उरलेलं टोक कापून टाका आणि ते टोक लगेच कचऱ्यात गुंडाळून टाका, तसंच लोंबत ठेवलं तर दुसरा कुत्रा ते चावतो. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासा. पट्ट्याखालची कातडी लाल झाली, केस गेले, तर काढून ठेवा. पट्टा अमिट्राझचा असेल आणि तो गिळला गेला तर ती इमर्जन्सी आहे, वाट बघायची नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत नकली माल खूप असतो. खोकं उघडलेलं, बॅच नंबर नाही, छपाई पुसट, किंमत कैच्या काही कमी, असं काही दिसलं तर परत करा. त्यात काय भरलंय कोणालाच माहीत नसतं आणि ते आठ महिने कुत्र्याच्या गळ्यात राहणार असतं.

स्प्रे आणि पावडर याबद्दल फार लिहीत नाही. स्प्रे मोकळ्या हवेत मारा, तोंडावर थेट नको, हातमोज्यावर घेऊन चेहऱ्याला पुसा, त्यात अल्कोहोल असतं म्हणून जवळपास गॅस-काडी नको आणि वाळेपर्यंत हीटरसमोर बसवू नका. पावडर कुत्रा नाकातून ओढतो आणि चाटतो, मला आवडत नाही. टिक शाम्पू अंगावरचे मारतो आणि धुऊन जातो, उद्याला उपयोग नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, सगळं एकदम. सकाळी गोळी, दुपारी टिक शाम्पू, संध्याकाळी पावडर, आणि गळ्यात जुना पट्टा तसाच. माणूस घाबरलेला असतो म्हणून करतो, मी दोष देत नाही, पण यातली काही औषधं एकाच पद्धतीने नसांवर काम करतात आणि त्यांचा परिणाम एकावर एक चढतो. एक औषध निवडा, त्याला त्याचा वेळ द्या. दुसरं जोडायचंच असेल तर व्हेटला आधीच्याचं नाव आणि तारीख सांगून विचारा.

काही जण गोचिडांसाठी इंजेक्शन घेतात, ते बहुतेक आयव्हरमेक्टिन असतं. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या मिक्स ब्रीडमध्ये एमडीआर1 नावाच्या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो, त्या कुत्र्यांच्या मेंदूत हे औषध शिरतं आणि मोठ्या डोसला कोमात जाण्यापर्यंत वेळ येते. तुमचा कुत्रा या जातीतला असेल, किंवा नुसतं "थोडा कोलीसारखा दिसतो" इतपत जरी असेल, तरी सुई टोचायच्या आधी तोंड उघडून बोला.

घरगुती उपायांचं पण सांगते कारण नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असं धरलं जातं. टी ट्री ऑइल शुद्ध लावलं तर कुत्र्याला झोकांड्या येतात, मागचे पाय लुळे पडतात. लसूण खाऊ घातल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूर, रॉकेल, फिनेल हे तर कातडी जाळतात आणि चाटल्यावर पोटात जातात. खोबरेल तेल लावलं तर विष नाही, पण गोचीड काही त्याने जात नाहीत.

पिल्लांचं वेगळं. बहुतेक औषधांवर सात-आठ आठवड्यांच्या खाली नको असं लिहिलेलं असतं आणि किमान वजनही असतं, ते दोन्ही बघायचं. नायटेनपायरमची गोळी चार आठवड्यांपासून चालते, वजन निदान 900 ग्रॅमच्या वर पाहिजे, ती अर्ध्या तासात पिसवा मारायला लागते पण तिचा असर एखादा दिवसच. त्याहून लहान पिल्लाला बारीक दातांची फणी, कोमट पाणी, सौम्य साबण आणि लगेच कोरडं करून उबेत ठेवणं. पिसवा खूप असतील तर लहान पिल्लाच्या हिरड्या बघा, पांढऱ्या फटक दिसल्या तर रक्त कमी झालंय, त्याच दिवशी दवाखाना. दूध पाजणाऱ्या आईला काहीही द्यायच्या आधी विचारा.

औषध दिलं तरी पिसवा का दिसतात

कारण त्यांचा बहुतेक पसारा कुत्र्यावर नसतो, तुमच्या घरात असतो. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा साधारण 5 टक्के भाग, बाकीची अंडी, अळ्या आणि कोष गादीत, गालिच्यात, फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि ती अंडी गुळगुळीत असतात, केसांवर चिकटत नाहीत, कुत्रा जिथे जिथे बसतो तिथे खाली सांडतात. कोष सगळ्यात चिवट. त्याला औषध लागू पडत नाही, आत पिसू महिनोन्महिने थांबते आणि पावलांची थरथर, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी मारते. म्हणूनच बरेच दिवस बंद असलेलं घर उघडलं की एकदम पायाला पिसवा चावतात.

म्हणून निदान तीन महिने सलग, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना आणि मांजरांना (ज्याला त्याला त्याचं त्याचं औषध), मध्ये गॅप न घेता. कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा 60 अंशाच्या गरम पाण्यात धुवा. रोज व्हॅक्यूम किंवा झाडू, सोफ्याखाली, फटीत, आणि व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर. पिसवा आहेत की नाही कळत नसेल तर कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी फणी फिरवा, काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा, भोवती तांबूस रंग सुटला तर ते पचलेलं रक्त आहे, पिसूची घाण. अंग चावता-चाटताना कुत्र्याने पिसू गिळली तर पोटात टेपवर्म होऊ शकतो, शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले तर जंताचं औषध पण लागेल.

गोचिडाचं गणित अजून जड. घरात होणारा तपकिरी कुत्र्याचा गोचीड भिंतींवर चढतो, चौकटीच्या फटीत, पडद्यामागे अंडी घालतो, एका मादीची हजारोंनी अंडी. न खाता महिनोन्महिने जगतो. फटी बुजवा. घरात फवारणी करणार असाल तर कुत्रा, मांजर, पक्षी, सगळे बाहेर, माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद, पूर्ण वाळून हवा खेळती झाली की मगच परत आणा.

गोचीड काढायचा तर बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीच्या जितकं जवळ पकडता येईल तितकं पकडा, पोटाला नाही, तोंडाला, आणि सरळ वर एकसारख्या जोराने ओढा. हिसका नको. माचिसची काडी, रॉकेल, व्हॅसलिन काही लावू नका, त्याने तो बिथरतो आणि पोटातलं सगळं कुत्र्याच्या रक्तात ओकू शकतो. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या झाकणबंद बाटलीत टाका. जागा पुसून घ्या, बारीक गाठ राहते काही दिवस, घाबरू नका. ढब्बूला फिरवून आणलं की मी रोज कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली आणि शेपटीखाली बोटं फिरवते, डोळ्यांनी दिसत नाहीत, बोटांना मात्र लागतात.

नवीन औषध पहिल्यांदा देत असाल तर सकाळी द्या, आणि दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडा असेल असा दिवस बघा, रात्री झोपताना देऊ नका. पहिला दिवस लक्ष ठेवा. ड्रॉप्सच्या जागी थोडी खाज, किंवा गोळीनंतर एखादी उलटी, जेवण कमी, हे होतं कधीकधी. पण थरथर, सतत लाळ गळणं, झोकांड्या, आकडी, तोंड सुजणं, श्वास लागणं असं काही दिसलं तर थांबायचं नाही. अंगावर लावलेलं औषध असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घेऊन धुवा (गरम पाणी नको, कातडीतून जास्त शिरतं, आणि अगदी गार पण नको), पट्टा असेल तर काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून थेट दवाखान्यात. आकडी चालूच असेल तर आंघोळ घालत बसू नका, आधी निघा. गिळलं असेल तर मीठ-पाणी वगैरे पाजून उलटी करवू नका. रिकामी नळी, गोळीचं पाकीट, पट्ट्याचं खोकं, जे असेल ते सोबत न्या कारण डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो की आत होतं काय. म्हणून मी पुढचा डोस देईपर्यंत मागचं खोकं टाकत नाही.

आणि औषध नीट दिलं तरी गोचीड ताप होऊ शकतो, काही जंतू गोचीड चिकटल्यावर थोड्याच तासांत रक्तात जातात. चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीसारखी गडद झाली तर रक्ताची तपासणी करून घ्या आणि व्हेटला सांगा की अमुक तारखेला गोचीड काढला होता. ती तारीख मी ढब्बूच्या लसीच्या पुस्तकात मागच्या पानावर पेन्सिलने लिहिते, सोबत त्या दिवशीचं वजन आणि कुठलं औषध चालू होतं ते.